लांबच्या प्रवासात गाडी बंद पडली तर: मुंबईहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-ठाण्याहून स्वतःच्या गाडीने कोकण, गोवा, नागपूर, राजस्थान किंवा थेट लडाखपर्यंत जाणारी कुटुंबे निघण्याआधी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. गाडीतला बिघाड स्वतःहून जिवावर बेतण्याचे प्रसंग कमी असतात. बहुतेक वेळा धोका असतो तो बंद गाडीभोवती घालवलेल्या वेळात, म्हणजे गाडी कुठे उभी केली आणि माणसे कुठे उभी राहिली यात. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी थांबण्याविषयी जरा विस्ताराने लिहिले आहे.

गाडीत काहीतरी बिघडले आहे असे जाणवल्यावर सर्वांत आधी काय करावे?

ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, हॅझर्ड दिवे लावावेत आणि आरशात पाहत एकेक लेन बदलून डावीकडे यावे. इंजिन बंद पडले तरी गाडीला गती असेपर्यंत ती कडेला नेता येते. मात्र पॉवर स्टिअरिंग एकदम जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते, म्हणून ब्रेक वारंवार दाबून सोडू नये, एकाच वेळी दाबून धरावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

थांबण्याची जागा निवडण्यासाठी मिळणारे काही क्षण फार मोलाचे असतात. वळणाच्या आत, चढाच्या माथ्यापलीकडे किंवा अरुंद पुलावर उभी असलेली गाडी मागून येणाऱ्या ट्रकचालकाला शेवटच्या क्षणीच दिसते. कसारा घाटात किंवा बोरघाटात टायर पंक्चर झाला आणि शंभर-दोनशे मीटरवर रस्ता सरळ व रुंद होताना दिसत असेल, तर बसलेल्या टायरवर रांगत का होईना तिथपर्यंत जावे. टायर आणि रिम दोन्ही खराब झाले तरी हरकत नाही.

थांबल्यावर गाडीतच बसून राहणे सुरक्षित आहे का?

द्रुतगती मार्गावर किंवा महामार्गावर बहुतेक वेळा नाही. सर्वांनी डाव्या बाजूच्या दारांनी उतरावे आणि क्रॅश बॅरियरच्या पलीकडे जावे. तिथेही बंद गाडीच्या पुढच्या बाजूला उभे राहू नये, कारण मागून धडक बसल्यास गाडी पुढेच फेकली जाते. गाडीच्या मागच्या बाजूला, थोडे दूर आणि रस्त्यापासून हटून थांबावे. गाडी आणि येणारी वाहतूक यांच्यामध्ये उभे राहून फोनवर बोलणे ही आपल्याकडे सर्रास दिसणारी आणि सर्वांत घातक सवय आहे.

याला दोन अपवाद आहेत. बॅरियरच्या पलीकडे लगेच दरी असेल किंवा उंच पुलावर उभे राहायला जागाच नसेल, तर आत बसून पट्टे लावून हॅझर्ड चालू ठेवावेत. पावसाळ्यात घाटातल्या कड्याखाली मात्र आडोसा म्हणूनही थांबू नये, कारण भिजलेली दरड केव्हाही सुटते.

धोक्याचा लाल त्रिकोण गाडीपासून किती अंतरावर ठेवावा?

गाडीला चिकटून ठेवलेल्या त्रिकोणाचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते, त्यामुळे ५० मीटरवर ठेवलेला त्रिकोण दिसल्यापासून तुमच्या गाडीपर्यंत पोहोचायला त्या चालकाला दोन सेकंदही मिळत नाहीत. साध्या दुपदरी रस्त्यावर ५० मीटर हे किमान अंतर धरावे, वेगवान महामार्गावर १०० मीटर किंवा अधिक, आणि वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवावा. ठेवायला जाताना तो छातीसमोर उघडा धरून कडेकडेने, शक्य असल्यास बॅरियरच्या पलीकडून चालत जावे. द्रुतगती मार्गावर त्यासाठी धावत्या लेनमध्ये पाऊल ठेवावे लागणार असेल, तर आमच्या मते त्रिकोण ठेवूच नये. हॅझर्ड आणि पार्किंगचे दिवे पुरेसे मानावेत.

दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवण्याची ट्रकचालकांची पद्धत अडचणीच्या वेळी उपयोगी पडते, पण निघताना त्या आठवणीने उचलाव्यात. रात्री रस्त्यात राहिलेल्या दगडामुळे एखाद्या दुचाकीस्वाराचा जीव जाऊ शकतो.

मदतीसाठी कोणाला फोन करावा आणि आपले ठिकाण कसे सांगावे?

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो. जिवाला धोका असेल, गाडी धोकादायक जागी अडकली असेल किंवा कोणी त्रास देत असेल तर ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे राज्य रस्ते विकास महामंडळाचे रस्ते आहेत; त्यांचे मदत क्रमांक वेगळे असतात, ते निघण्यापूर्वीच फोनमध्ये जतन करून ठेवावेत.

ठिकाण सांगताना रस्त्याचे नाव, जवळच्या दगडावरचा किलोमीटर आणि दिशा या तिन्ही गोष्टी सांगाव्यात. दुभाजक असलेल्या रस्त्यावर 'पुण्याकडून मुंबईकडे येणारी बाजू' एवढे सांगायचे राहिले, तर क्रेन समोरच्या बाजूने निघून जाते आणि पुढच्या फाट्यावरून वळून येण्यात बराच वेळ जातो. ताम्हिणी, वरंधा, आंबोली अशा घाटांत कित्येक वळणांवर नेटवर्क मिळत नाही. कमकुवत नेटवर्कवर फोन लागला नाही तरी साधा एसएमएस अनेकदा पोहोचतो; तेही जमले नाही, तर येणाऱ्या एसटीला हात करून चालक-वाहकांकडे लेखी निरोप द्यावा.

घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला तर?

ज्या बिघाडात चालकाच्या निर्णयाने सर्वाधिक फरक पडतो, असा हा बिघाड आहे. सुट्टीच्या दिवशी बोरघाटात वाहनांची रांग लागते, गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने सरकते, समोरून वारा मिळत नाही, एसी चालू असतो आणि रेडिएटरचा पंखा तेवढा एकटा झगडत असतो. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकताना दिसला की एसी बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि हीटर पूर्ण गरम बाजूला व पंखा पूर्ण वेगावर ठेवावा. इंजिनची काही उष्णता त्यामुळे केबिनमध्ये येते. उकाडा सोसावा लागेल, पण तेवढ्यात पुढची रुंद जागा गाठता येते. काटा लाल पट्टीला टेकला किंवा बोनेटमधून वाफ दिसली, तर पुढची जागा शोधत बसू नये. जिथे कडेला जाता येईल तिथे जाऊन इंजिन बंद करावे. त्या अवस्थेत चालवलेल्या आणखी दोन-तीन किलोमीटरमध्ये सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट जाते, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या होजपाइपचे काम हजारो रुपयांवर जाते.

रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेले असते आणि झाकण सैल होताच उसळून चेहरा व हात भाजते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे, मग जाड फडके ठेवून झाकण थोडेसे फिरवून दाब जाऊ द्यावा. गरम इंजिनवर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये एकदम गार पाणी ओतू नये, कारण धातूला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर पातळी पाहावी, गाडीखाली ओल आहे का ते पाहावे, आणि कूलंट नसेल तर पिण्याचे पाणी भरून जवळच्या गॅरेजपर्यंत जावे. पाणी भरताच खालून गळत असेल किंवा पंखा फिरतच नसेल, तर गाडी चालवू नये. पंख्याचा फ्यूज उडाला असल्यास तो तितक्याच अँपिअरच्या दुसऱ्या फ्यूजने बदलता येतो. त्याच्या जागी तार जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

क्लच जळल्याचा वास येतो किंवा उतारावर ब्रेक लागेनासे होतात, तेव्हा काय करावे?

चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवल्याने क्लच प्लेट तापते. बाजूला घेऊन अर्धा तास विश्रांती दिली तर बहुतेक वेळा काम भागते. यापुढे चढावर हँडब्रेक लावून थांबावे. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, अशी स्थिती थंड झाल्यावरही राहिली तर घाट चढण्याचा प्रयत्न सोडावा.

ब्रेकचा प्रकार अधिक गंभीर आहे. आंबोलीसारखा लांब घाट सतत ब्रेक दाबून उतरल्यास पॅड आणि ब्रेक ऑइल तापते, ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल खाली जात राहते. अशा वेळी पेडल भराभर दाबून दाब तयार करावा, एकेक गिअर खाली आणावा आणि शेवटी हँडब्रेक हळूहळू ओढावा. गाडी थांबल्यावर चाकाखाली दगड लावावेत, पण तापलेल्या चाकांवर पाणी मारू नये. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण आजही तितकीच खरी आहे.

धावत्या गाडीचा टायर फुटला तर?

स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ब्रेक दाबू नये, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि वेग बराच उतरल्यावरच कडेला यावे. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरचा अखेरचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाल्यापासून मुंबई परिसरातून नागपूरपर्यंत काँक्रीटच्या सलग रस्त्यावर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत जाता येते, आणि शहरात कधी ऐंशीच्या वर न गेलेले जुने टायर तिथे पहिल्यांदाच तासन्‌तास तापतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर घेऊन या रस्त्यावर जाऊ नये. हवा थंड टायरमध्ये, चालकाच्या दाराजवळच्या तक्त्याप्रमाणे आणि पूर्ण सामानाचा आकडा पाहून भरावी. कमी हवेमुळे टायरच्या भिंती वाकून अधिक तापतात.

स्टेपनी मूळ चाकांपेक्षा बारीक असेल, तर तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि पहिल्याच गावात मूळ टायर दुरुस्त करून घ्यावा. वाहतुकीच्या बाजूचे चाक द्रुतगती मार्गावर स्वतः बदलू नये. गस्ती पथकाला बोलवावे.

किल्ली फिरवल्यावर फक्त 'टक्-टक्' आवाज येतो. गाडी ढकलून चालू करावी का?

हे बॅटरी उतरल्याचे लक्षण आहे. आधी बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहावेत, कारण खराब रस्त्यावर ते सैल होतात आणि नुसते घट्ट केल्यावर गाडी सुरू होते. जंपर केबल असल्यास लाल वायर प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनवरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे, म्हणजे ठिणगी बॅटरीजवळ उडत नाही. हाती गिअर असलेली गाडी सपाट, मोकळ्या जागी ढकलून चालू करता येते, ऑटोमॅटिक नाही. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला असेल तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या बेल्टचा असतो. मग एसी, संगीत, चार्जर सारे बंद करून, इंजिन बंद न करता जवळचे गाव गाठावे. त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही चालत असेल, तर तापमानावर सतत नजर ठेवावी.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर लगेच चालू करून बाहेर काढावी का?

अजिबात नाही. इंजिनने हवेबरोबर पाणी ओढले असल्यास ते सिलिंडरमध्ये दाबले जात नाही, आणि पुन्हा सेल्फ मारल्यावर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी गाड्यांत अडकून गुदमरलेल्यांची आठवण मुंबईकरांना वेगळी करून द्यायला नको. पाणी दाराच्या तळाशी पोहोचताच काचा खाली कराव्यात, कारण विजेच्या काचा नंतर उघडतीलच याची खात्री नसते, आणि उंच जागी निघून जावे. पाणी ओसरल्यावर गाडी टोचन करून गॅरेजमध्ये न्यावी.

डिझेल संपून गाडी बंद पडली. नवे डिझेल टाकले तरी सुरू होत नाही. का?

नळीत हवा अडकते. मेकॅनिक म्हणतात, 'गाडीने एअर घेतली.' फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबून हवा काढता येते, नसेल तर मेकॅनिक लागतो. एप्रिल २०२० नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांना डीईएफ हे धूर स्वच्छ करणारे, वेगळ्या टाकीत भरायचे द्रवही लागते. ते पूर्ण संपले तर एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही, म्हणून त्याची सूचना दिसताच भरावे.

सीएनजीचा वास येत असेल तर?

इंजिन बंद करावे, सर्वांना उतरवावे, सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह सहज पोहोचत असेल तरच बंद करावा आणि वाऱ्याच्या उलट दिशेला लांब जावे. पेट्रोलवर चालवून पुढे जाण्याचा विचार करू नये.

गाडी दोरीने टोचन करावी की फ्लॅटबेडवर न्यावी?

ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद देणारी आणि विजेवर चालणारी गाडी फ्लॅटबेडवरच न्यावी; तिची चाके रस्त्यावर फिरवत नेल्यास गिअरबॉक्स किंवा मोटर खराब होते. हाती गिअरची गाडी दोरीने न्यायची झाल्यास अगदी कमी अंतर, अगदी कमी वेग आणि पाच मीटरपर्यंतची दोरी एवढेच योग्य. मागच्या गाडीत परवानाधारक चालक हवा, किल्ली चालू स्थितीत हवी, आणि बंद इंजिनाचे ब्रेक व स्टिअरिंग जड असते हे त्याला आधीच सांगावे. घाटात आणि द्रुतगती मार्गावर दोरीचा मार्ग पत्करूच नये.

अनोळखी गावातल्या मेकॅनिकवर कितपत विश्वास ठेवावा?

आमचा अनुभव विश्वास ठेवावा असाच आहे, पण डोळे उघडे ठेवून. माणगाव, महाड, चिपळूण, कणकवली अशा महामार्गावरच्या गावांत एसटी आगाराच्या आसपास फिटर, वायरमन आणि टायरवाले हमखास भेटतात, आणि जुन्या गाड्या जगवण्याचे त्यांचे कौशल्य शहरातल्या अनेक चकचकीत वर्कशॉपमध्ये मिळत नाही. बेल्ट, होजपाइप, बॅटरी, पंक्चर, क्लच केबल ही कामे त्यांना निःशंकपणे द्यावीत. एअरबॅग, एबीएस किंवा संगणकाशी जोडलेले बिघाड मात्र कंपनीच्या सेवा केंद्रापर्यंत राखून ठेवावेत. काम सुरू होण्यापूर्वी दोष काय, कोणता भाग बदलणार आणि मजुरी किती हे ठरवून घ्यावे, काढलेला जुना भाग परत मागावा आणि काम चालू असताना शेजारी उभे राहावे. घासाघीस करताना हेही लक्षात घ्यावे की तो माणूस कदाचित रविवारी जेवणावरून उठून आलेला असतो. रात्री किंवा पावसात रस्त्यावर येऊन केलेल्या कामाचे पैसे दुकानातल्या कामापेक्षा जास्त असणे रास्तच आहे.

रात्र झाली आहे, बरोबर आजी-आजोबा आणि लहान मुले आहेत. गाडीपाशी थांबावे का?

सर्वांनी थांबण्याची गरज नसते. दोघे प्रौढ गाडीपाशी राहिले आणि बाकीच्यांना जवळचा धाबा, पेट्रोल पंप किंवा गाव गाठून दिले, तर दुरुस्तीचा निर्णयही शांतपणे घेता येतो. कोकणात हे अधिक सोपे आहे, कारण मुंबई-गोवा महामार्गापासून कोकण रेल्वेची स्थानके बऱ्याच ठिकाणी फार लांब नाहीत. गणपतीला गावी निघालेल्या घरच्यांना रेल्वेने किंवा एसटीने पुढे पाठवून गाडी मागाहून नेणे यात कमीपणा काहीच नाही. नियमित औषधे, पाणी आणि मुलांचे खाणे डिकीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावे.

लडाखमध्ये गाडी ओढत नाही, काळा धूर येतो. हा बिघाड आहे का?

बहुधा नाही. खारदुंग ला ही खिंड सुमारे ५,३५९ मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे इंजिनला प्राणवायू कमी पडतो. खालच्या गिअरमध्ये, थांबत न राहता सावकाश चढावे. त्या उंचीवर पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांलाच उकळते, म्हणून रेडिएटरचे झाकण आणि कूलंटचे योग्य मिश्रण निघण्यापूर्वी तपासावे. नुसते पाणी रात्रीच्या थंडीत गोठून इंजिन फोडू शकते. मनाली-लेह रस्त्यावर टांडीला टाकी भरावी, कारण तिथून लेह साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे. महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, त्यामुळे किमान एक पोस्टपेड क्रमांक बरोबर हवा. उंचीवर चाक बदलताना धाप लागते. ते काम घाईने करू नये आणि डोके दुखत असलेल्या माणसाकडून करून घेऊ नये.

नेपाळमध्ये गाडी बंद पडली तर वेगळे काय असते?

सीमेवर भरलेला भन्सार, म्हणजे गाडी नेपाळमध्ये नेण्यासाठीचा सीमाशुल्क परवाना, ठरावीक दिवसांचा असतो. दुरुस्ती लांबणार असे दिसताच मुदत संपण्याच्या आधी तो वाढवून घ्यावा, नाहीतर दंड भरावा लागतो. भारतातली विमा पॉलिसी आपोआप तिथे लागू होत नाही. जादा हप्ता भरून भौगोलिक क्षेत्र वाढवल्याची नोंद निघण्यापूर्वीच करून घ्यावी लागते.

विम्यातून या सगळ्याचा खर्च मिळतो का?

येथे अनेकांची निराशा होते. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत अपघाताचे नुकसान भरून मिळते, पण यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि झीज वगळलेली असते. पाणी शिरून निकामी झालेल्या इंजिनासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते, आणि मुंबईत राहणाऱ्याने ती घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. रस्त्यावरील मदतीच्या जोडीत वर्षातून किती वेळा बोलावता येईल, किती किलोमीटरपर्यंत गाडी विनाशुल्क उचलली जाईल आणि डोंगराळ भागात सेवा मिळेल का, हे घेतानाच वाचून ठेवावे. खालून दगड लागून इंजिन ऑइल गळत असताना गाडी चालवत राहिल्यास, त्या पुढच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून गळती दिसताच गाडी बंद करावी, गाडी जिथे आहे तिथे किलोमीटरच्या दगडासह छायाचित्रे काढावीत, ती हलवण्यापूर्वी विमा कंपनीला कळवून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि क्रेनची पावती गाडीच्या क्रमांकासह मागून घ्यावी.